घर, घराणे आणि खेळाची मालकी

मराठीच्या अध्यापकाने एका अमेरिकन खेळ-कंपनीच्या समभागांविषयी लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. काहींना ते सरळ विषयांतर वाटेल. परंतु ज्या प्रश्नाने गेली काही वर्षे माझा पिच्छा पुरवला आहे, तो इतक्या उघड्या रूपात मला दुसरीकडे आढळलेला नाही. अनेकांनी मिळून, बोलता बोलता रचलेल्या कथेची मालकी कुणाची? ती मालकी वारशाने एका घराण्याकडे आणि विक्रीने दुसऱ्या घराण्याकडे गेली, तर त्या कथेचे काय होते? लोकसाहित्याच्या तासाला हा प्रश्न आपल्यासमोर येतो खरा, पण 'समूहमन' या सोयीच्या शब्दाखाली आपण तो झाकून टाकतो. समूहमनाला भागीदारीचा करारनामा नसतो, विधवा पत्नी नसते, कर्ज नसते आणि कोर्टाची तारीखही नसते. येथे मात्र हे सारे आहे.

आमच्या वाशिमसारख्या ठिकाणी हा खेळ पोहोचला तो दूरचित्रमालिकांच्या आणि संगणकीय खेळांच्या वाटेने. 'स्ट्रेंजर थिंग्ज' (२०१६) या मालिकेतील मुले तळघरात बसून जो खेळ खेळतात, तोच 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. एम.ए.च्या विद्यार्थ्यांना तो ठाऊक असतो. तो साहित्य आहे की नाही, यावर ते आवेशाने वादही घालतात. त्या वादात मला फारसा रस नाही. माझा रस त्याच्या मालकीच्या इतिहासात आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने तो इतिहास का वाचावा, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

ज्यांना खेळाचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाकडे एक पात्र असते: योद्धा, चोर, मांत्रिक, पुरोहित. एक जण निवेदक होतो. त्याला 'डंजन मास्टर' म्हणतात. तो प्रसंग उभा करतो आणि विचारतो, तुम्ही काय करता? खेळणारे आपापल्या पात्राच्या तोंडून उत्तर देतात. जेथे यशापयश अनिश्चित असते तेथे फासा टाकतात. त्यातला सर्वांत प्रसिद्ध फासा वीस बाजूंचा असतो. पट असलाच तर नावापुरता, आणि जिंकणे-हरणे असे काही नाही. खेळ संपतो तेव्हा उरते ती फक्त घडलेली कथा, आणि तीही त्या टेबलाभोवतीच्या माणसांच्या स्मरणात. कंपनी विकते ते नियमांचे ग्रंथ, जगांचे नकाशे, राक्षसांच्या याद्या. आपल्या परिभाषेत बोलायचे तर कंपनी व्याकरण आणि कोश विकते. वाक्य ज्याचे त्याने करायचे असते. म्हणजे या व्यवहारातली खरी निर्मिती मुळातच विकाऊ नाही, आणि विकाऊ जे आहे ते खऱ्या निर्मितीच्या मानाने दुय्यम आहे. पुढच्या साऱ्या भांडणाचे मूळ या विसंगतीत आहे, असे मला वाटते.

राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न ज्या वत्सगुल्म नगरीत लावले, ते आमचे वाशिम. त्या नगरीला तो मदनाचे क्रीडास्थान म्हणतो. भटक्या काव्यपुरुषाला बांधून ठेवण्यासाठी गौरीने साहित्यविद्या निर्माण केली, अशी ती कथा आहे. निर्मिती आणि नातेसंबंध यांची गाठ संस्कृत शास्त्रकारालाही सुचली होती, एवढेच येथे नोंदवतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या छोट्या गावात ती गाठ अगदी घरगुती रूपात पडली. गॅरी गायगॅक्स या गृहस्थाची नोकरी गेलेली, घरात मुलेबाळे, उत्पन्नासाठी चपला-बूट दुरुस्तीचे काम. मिनेसोटात डेव्ह अर्नसन यांनी एका काल्पनिक सरंजामी प्रदेशात प्रत्येकाने एकेक पात्र चालवावे, असा खेळ सुरू केला होता. तो पाहिल्यावर १९७२ साली गायगॅक्स यांनी स्वतःचे भुयार आखले, आणि त्यात पहिल्यांदा उतरले ते त्यांचा मुलगा अर्नी आणि मुलगी एलिस. पुढे असंख्य लोकांनी खेळलेल्या या खेळाचे पहिले श्रोते आणि पहिले सहलेखक घरातली दोन मुले होती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या घराच्या खुणा संहितेत राहून गेल्या आहेत. 'टेन्सर' या मांत्रिकाचे नाव म्हणजे 'अर्नेस्ट' या इंग्रजी नावाच्या अक्षरांची उलटापालट. 'मेल्फ' हे धाकट्या ल्यूकचे पात्र. पात्राच्या कागदावर पुरुष आणि एल्फ यांची जी संक्षिप्त नोंद होती, तिचेच नाव झाले. या दोघांच्या नावांचे मंत्र नियमग्रंथात गेले आणि पिढ्यान् पिढ्या उच्चारले गेले.

हे झाले घर. आता घराणे.

ऑक्टोबर १९७३ मध्ये गायगॅक्स आणि त्यांचे बालमित्र डॉन केय यांनी 'टॅक्टिकल स्टडीज रूल्स' ही भागीदारी संस्था काढली. प्रत्येकी हजार डॉलर. केय यांनी ते आपल्या आयुर्विम्यावर कर्जाऊ काढले. खेळ छापायला तेवढे भांडवल पुरेना, तेव्हा ब्रायन ब्लूम हा तिसरा भागीदार दोन हजार डॉलर घेऊन आला. जानेवारी १९७४ मध्ये तीन पातळ पुस्तिका घातलेले खोके बाजारात आले. पहिली आवृत्ती हजार प्रतींची, किंमत दहा डॉलर. अगदी वर्षभरात, जानेवारी १९७५ च्या अखेरीस केय हृदयविकाराने वारले. वय अवघे ३६. त्यांचा हिस्सा कायद्याप्रमाणे पत्नीकडे गेला. भागीदारी मोडून नवी कंपनी उभी करावी लागली. गायगॅक्स यांच्यापाशी पैसा नव्हता. ब्रायन ब्लूमचे वडील मेल्व्हिन यांच्यापाशी होता. त्यांनी समभाग घेतले, आणि पुढे ते ब्रायनचा भाऊ केव्हिन याच्या नावावर झाले. या उलाढालीत गायगॅक्स यांचा वाटा सुमारे ३५ टक्क्यांवर आला. ज्या माणसाचे नाव मुखपृष्ठावर होते, तो आपल्याच कंपनीत अल्पमतात गेला, आणि हे कुणाच्या कपटाने झालेले नाही. एक मृत्यू, एक वारसा आणि एका सुस्थित बापाची मदत एवढ्याने ते झाले. ज्यांचे खेळाशी नाते केवळ रक्ताचे किंवा लग्नाचे होते, त्यांच्याकडे निर्णयाची सूत्रे कशी जातात, हे कोणत्याही खलनायकावाचून येथे दिसते.

नंतरची आठ वर्षे भरभराटीची. पैसा आला तसे नातेवाईकही नोकरीला आले; ब्लूमांचे आले, गायगॅक्सांचेही आले. कंपनीने भरतकाम-विणकामाच्या साहित्याचा धंदासुद्धा विकत घेतला. राक्षस आणि भुयारे विकणाऱ्या संस्थेचा विणकामाशी काय संबंध, असे आपण विचारू. पण ज्याने गावातील साखर कारखाना, पतसंस्था आणि शिक्षणसंस्था यांचे एकमेकांत गुंतलेले नात्यागोत्याचे धागे पाहिले आहेत, त्याला नवल वाटू नये. १९८३ पासून कंपनी अडचणीत आली आणि माणसे कमी करावी लागली. त्याच सुमारास गायगॅक्स कॅलिफोर्नियात, खेळावरची व्यंगचित्रमालिका आणि संभाव्य चित्रपट यांच्या मागे होते. तेही अनुपस्थितच होते, हे विसरून चालणार नाही.

मार्च १९८५ मध्ये त्यांनी आपला समभाग खरेदीचा हक्क वापरला. मुलगा अर्नी याच्या समभागांची जोड मिळून बहुमत त्यांच्याकडे आले आणि ते पुन्हा प्रमुख झाले. कारभार सावरायला त्यांनी लॉरेन विल्यम्स या बाईंना आणले. बाईंची ओळख झाली ती त्यांचा भाऊ फ्लिंट डिली याच्यामुळे. गायगॅक्स त्याच्यासोबत पुस्तके लिहीत होते. सहा-सात महिन्यांत, ऑक्टोबर १९८५ मध्ये, ब्लूम बंधूंनी आपले समभाग विल्यम्सबाईंना विकले. बहुमत त्यांच्याकडे गेले. गायगॅक्स कोर्टात गेले, हरले, आणि १९८६ च्या अखेरीस कंपनीतून बाहेर पडले. खाडिलकरांनी १९०९ साली आपल्या नाटकाला जे नाव दिले, ते या प्रकरणाला चपखल बसते: 'भाऊबंदकी'. फरक इतकाच, की येथे भाऊबंद दोन-तीन वेगवेगळ्या घराण्यांचे होते.

यातले डिली घराणे कोण? विल्यम्सबाईंचे आजोबा जॉन डिली हे वृत्तपत्रांना चित्रमालिका पुरवणारे व्यावसायिक. फिलिप नोलन यांची एक विज्ञानकथा १९२८ साली प्रसिद्ध झाली होती; तिच्या नायकावरून डिली यांनी जानेवारी १९२९ मध्ये 'बक रॉजर्स' ही चित्रमालिका सुरू केली आणि तिचे हक्क घराण्यात राहिले. विल्यम्सबाईंच्या कारकिर्दीत कंपनीने 'बक रॉजर्स'वरचे खेळ काढले: १९८८ साली पटावरचा, १९९० साली भूमिकांचा. हक्कांचे पैसे अर्थात डिली घराण्याच्या न्यासाकडे जाणार. खेळणाऱ्यांनी त्या खेळांना फारसा प्रतिसाद दिला नाही. एका घराण्याने तीन पिढ्या सांभाळलेली जुनी कथा दुसऱ्या घरात जन्मलेल्या खेळाच्या गाड्याला जुंपली गेली. पुढे त्याच 'बक रॉजर्स'वरून डिली आणि नोलन या दोन्ही घराण्यांचे न्यास एकमेकांविरुद्ध कोर्टात उभे राहिले. म्हणजे ज्या कथेचे हक्क वापरून कंपनी चालवायची, त्या कथेचा खरा वारस कोण, हेच निर्विवाद नव्हते.

खेळणाऱ्यांमध्ये ही हकीकत सांगितली जाते ती साध्या नीतिकथेच्या रूपात: प्रतिभावंत गायगॅक्स, नालायक ब्लूम बंधू, आणि खेळाचा तिटकारा असणारी विल्यम्सबाई. ती मला पटत नाही. बाईंच्या तुच्छतेच्या ज्या गोष्टी फिरत असतात, त्यांतल्या पुष्कळशा दुखावलेल्या माणसांच्या तोंडच्या आहेत. जॉन पीटरसन यांनी 'गेम विझर्ड्स' (२०२१) या ग्रंथात त्या काळची कागदपत्रे तपासून जे चित्र उभे केले आहे, त्यात गायगॅक्स यांच्या वाट्यालाही बराच दोष येतो. अर्नसन यांचे सहनिर्मात्याचे श्रेय आणि रॉयल्टी नाकारणारे गायगॅक्सच होते; अर्नसन यांना १९७९ साली दावा लावावा लागला आणि १९८१ साली तडजोड झाली. जो स्वतः दुसऱ्याला निर्मितीच्या हक्कापासून दूर ठेवत होता, तोच पुढे स्वतःच्या निर्मितीला मुकला. शिवाय बुडत्या कंपनीला बाईंनी आणखी बारा वर्षे चालवले आणि त्या काळात नियमांची दुसरी आवृत्ती निघाली, हेही खरेच. या हकिगतीत एकमेव स्त्रीला चेटकीण ठरवण्याची जी घाई दिसते, तिच्याकडे आपल्या स्त्रीवादी समीक्षकांनी लक्ष द्यायला हवे.

पण व्यक्तींचे दोष बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते, आणि साहित्याच्या दृष्टीने तीच सर्वांत बोचरी आहे. गायगॅक्स बाहेर पडले तेव्हा 'ग्रेहॉक' हे त्यांनी मुलांसोबत उभे केलेले जग कंपनीकडे राहिले. त्यांच्याकडे राहिला तो 'गॉर्ड' नावाचा चोर, म्हणजे कादंबऱ्यांतला त्यांचा नायक. त्यांनी त्या कादंबऱ्या दुसरीकडून पुढे चालू ठेवल्या आणि १९८८ च्या 'डान्स ऑफ डीमन्स' या अखेरच्या भागात ते सारे जगच नष्ट करून टाकले. जे कायद्याने परत मिळणार नव्हते ते त्यांनी कथेत संपवले. कंपनीचे ग्रेहॉक अर्थातच चालू राहिले; त्याच वर्षी कंपनीने 'कॅसल ग्रेहॉक' नावाने त्याची थट्टा करणारे पुस्तक काढले. १९९२ साली गायगॅक्स यांनी नवा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हा तो आमच्या खेळासारखा आहे, म्हणून कंपनीने त्यांच्यावरच दावा लावला. १९९४ साली तो मिटला तो कंपनीने त्या नव्या खेळाचे हक्क विकत घेऊन. एखाद्या लेखकाला त्याची स्वतःची शैली वापरल्याबद्दल कोर्टात खेचले जाते, ही घटना 'लेखकाचा मृत्यू' या विषयावर दरवर्षी तेच टिपण उतरवून देणाऱ्या विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी. तेथे लेखक सिद्धान्ताने मरतो. येथे तो मतांच्या संख्येने मेला.

आपल्याला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. संगीत नाटक मंडळ्यांचा इतिहास आठवावा. किर्लोस्कर मंडळीतून फुटून १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, ती मालक-भागीदार म्हणून. टेंबे लवकरच बाहेर पडले, बोडसही नंतर गेले. प्रेक्षक ज्याला 'गंधर्वांचे नाटक' म्हणत होता, त्यात कुणाची पदे, कुणाच्या चाली, कुणाचा अभिनय आणि कुणाचे कर्ज, याचा हिशेब वेगळाच होता. आपण त्या काळाचा अभ्यास नाट्यगीतांच्या अंगाने करतो. मंडळीच्या वहीखात्याच्या अंगाने क्वचितच करतो. भागीदार फुटला की नाटकेही फुटतात, हे मात्र रंगभूमीवरच्या जुन्या माणसांच्या आत्मचरित्रांतून जागोजागी दिसते.

आपल्याकडे वारशाची आणखी एक रीत आहे आणि ती येथे मोलाची आहे. संगीतात आपण ज्याला घराणे म्हणतो, ते नावाने कुटुंब असले तरी चालते तालमीवर. अल्लादिया खाँसाहेबांची गायकी त्यांच्या मुलांकडे, मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडे गेली, तशीच ती केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्याकडे गेली; मुलांकडून ती धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूर यांच्याकडे पोहोचली. रक्ताचा संबंध नाही, धर्म एक नाही, भाषा एक नाही. तरी 'जयपूर घराण्याचे वारस कोण' असे विचारले तर आपण हीच नावे घेतो. मोगूबाईंकडून किशोरीताईंकडे आलेला वारसा रक्ताचाही होता आणि तालमीचाही. पण त्याला मान मिळाला तो तालमीमुळे. या रीतीला मी भाबडेपणाने आदर्श मानत नाही. केसरबाईंनी फार मोजक्या शिष्यांना विद्या दिली; तालीमही अडवून ठेवता येते. तरीसुद्धा समभागाचा वारसा आणि तालमीचा वारसा यांत मूलभूत फरक आहे. समभाग हाती यायला काहीही शिकावे लागत नाही.

या कसोटीवर भूमिकाखेळाकडे पाहिले तर त्याचे खरे घराणे कंपनीच्या कार्यालयात सापडत नाही. निवेदन कसे करावे, घाबरलेल्या नव्या खेळाडूला बोलते कसे करावे, फासा उलटा पडला तरी कथा कशी सावरावी, हे पुस्तकातून येत नाही; कुणाच्या तरी टेबलावर बसूनच ते शिकावे लागते. ट्रेसी आणि लॉरा हिकमन या पतिपत्नींनी आधी आपल्या घरी रचलेले 'रेव्हनलॉफ्ट' १९८३ साली कंपनीने छापले. पुन्हा एक घर! या उद्योगातले पुष्कळ टिकाऊ असे घरांत जन्मले आणि त्यातले पुष्कळ संकटात आले ते घराण्यांच्या हिशेबांमुळे. म्हणून 'कुटुंबाचा हस्तक्षेप वाईट' असा सरसकट निष्कर्ष मला मान्य नाही.

उलट उदाहरण महाराष्ट्रातच आहे, आणि तेही टेबलाभोवती नाही तरी बैठकीवर खेळल्या जाणाऱ्या खेळाचे. सावंतवाडीची गंजिफा. गोल, हाताने रंगवलेले, लाखेचा लेप दिलेले पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण १२०. छापील पत्त्यांपुढे हा खेळ मागे पडला आणि कारागिरी वृद्ध चिताऱ्यांच्या हातांत कशीबशी उरली. १९७० च्या दशकाच्या आरंभी संस्थानिक घराण्याचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी तिचे पुनरुज्जीवन केले. त्यांनी नुसते भांडवल घातले असते किंवा नुसते नाव दिले असते, तर मला त्याचे विशेष वाटले नसते. त्यांनी उतारवयातल्या कारागिराकडून ती कला समजून घेतली, राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर बसवले आणि शिकणाऱ्यांची नवी पिढी उभी केली. शिवरामराजे १९९५ साली गेले, सत्त्वशीलादेवी २०१८ साली. काम पुढची पिढी चालवते. हाही घराण्याचाच व्यवसाय आहे, त्यात सरंजामी प्रतिष्ठेचा अंश आहे, आणि आज पत्ते घेणारे बहुतेक लोक ते खेळण्यासाठी घेत नाहीत, भिंतीवर लावण्यासाठी घेतात, ही खंतही आहेच. पण मालकाने आधी तालीम घेतली, हा फरक सावंतवाडी आणि लेक जिनिव्हा यांच्यात आहे.

येथे थांबलो तर हा लेख परंपरेचे गोडवे गाणारा ठरेल, आणि तो धोका आमच्या भागात बसून लिहिणाऱ्याने तरी पत्करू नये. कारण भूमिका वठवण्याचा वंशपरंपरागत धंदा म्हटला की वऱ्हाडातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येतो तो बहुरूपी. पोलिसाचा वेष करून दारात उभा राहणारा, भलतेसलते आरोप ठेवून घरधन्याला दरडावणारा, आणि शेवटी हसून पसाभर धान्यासाठी हात पुढे करणारा. त्याचाही खेळ संवादातून घडतो. समोरच्याने साथ दिली तरच रंगतो. कोणत्या गावात कुणी मागायचे, याच्या वाटण्या या कुटुंबांमध्येही ठरलेल्या असत. मालमत्ता म्हणाल तर तेवढीच. असल्या वारशाचा मालक होणे म्हणजे त्या वारशाला बांधलेले राहणे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले, ते याच जाणिवेतून: वतन हा हक्क दिसतो, पण ते वेठीचे दावे असते. बहुरूप्याच्या मुलाने शाळेत जावे, शिक्षक व्हावे, आणि वेष करणे कायमचे सोडावे, हा त्याचा अधिकार मी कलेच्या संवर्धनाहून मोठा मानतो. ब्लूमांना समभाग विकता आले. बहुरूप्याला आपले वतन विकून पैसे मिळत नाहीत, फक्त टाकून देता येते. 'कौटुंबिक व्यवसाय' हा एकच शब्द दोघांना लावताना निदान एवढे तरी भान असावे.

वारसांच्या मालकीचा त्रास आपल्या साहित्यव्यवहारात काही कमी नाही. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क वारसांकडे असतात. विद्यार्थ्यांसाठी एक छोटा कवितासंग्रह संपादित करताना एका दिवंगत कवीच्या वारसांना आम्ही तीन पत्रे पाठवली. ना होकार आला, ना नकार. कविता वगळून पुस्तक छापले. त्या घरात ती कविता कुणी वाचते की नाही, हे मी विचारू शकत नाही, आणि कायद्याने ते विचारण्याचे कारणही नाही. वारसांनी आस्थेने जपलेली हस्तलिखिते, पत्रव्यवहार, दुरुस्त केलेली मुद्रिते हीही दुसरी बाजू आहेच. अशा घरांवाचून मराठीतले कित्येक संशोधन उभेच राहिले नसते. पण तेथेही जपणूक घडली ती वाचणाऱ्या वारसाकडून.

डंजन्स अँड ड्रॅगन्सचा प्रवास पुढे असा झाला. १९९७ साली डबघाईला आलेली कंपनी 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने घेतली आणि १९९९ साली त्या कंपनीसह तिला 'हॅस्ब्रो'ने घेतले. हॅस्ब्रो म्हणजे मूळचे हॅसनफेल्ड बंधू. १९२३ साली कापडाच्या चिंध्या विकण्यापासून सुरुवात केलेले घराणे. १९९९ साली तिच्या प्रमुखपदी त्याच घराण्यातले अ‍ॅलन हॅसनफेल्ड होते. म्हणजे खेळ पुन्हा एका घराण्याच्या छत्राखाली आला, फक्त या वेळी ते घराणे एका प्रचंड भागभांडवली कंपनीच्या शिखरावर होते. दरम्यान २००० साली खेळाचे मूळ नियम इतरांनाही वापरता येतील असा मुक्त परवाना देण्यात आला, आणि त्याच्या आधाराने अनेक लहान प्रकाशक उभे राहिले. जानेवारी २०२३ मध्ये तो परवाना बदलण्याचा मालकांचा बेत बाहेर फुटला, खेळणारे खवळले, आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला कंपनीने नमते घेऊन सुमारे चारशे पानांचा नियमसंग्रह 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याखाली कायमचा खुला केला. खेळाची पद्धत ही कल्पना असते आणि कल्पनेवर स्वामित्वहक्क नसतो, हक्क असतो तो शब्दरूपावर, असे कायदा सांगतो. त्यामुळे खुले झाले त्यातले किती मुळात अडवता येण्याजोगे होते, हाही वादाचा मुद्दा आहे. तरी ५० वर्षांत पहिल्यांदाच शब्दरूपाचा मोठा भाग वारसांच्या, न्यासांच्या आणि भागधारकांच्या हातून निर्विवादपणे सुटला.

त्यात एक बारकावा आहे. त्या खुल्या संग्रहात मेल्फचा आम्लबाणाचा मंत्र आहे, पण त्याच्या नावात मेल्फ नाही. टेन्सरची तरंगती तबकडी आहे, पण तेथे टेन्सर नाही. मंत्र सर्वांचे झाले. मुलांची नावे कंपनीने स्वतःकडे ठेवली. तळघरातल्या त्या पहिल्या संध्याकाळीची एवढीच खूण संहितेत होती, आणि नेमकी तीच व्यापारी संपत्ती ठरली.

त्या संग्रहाचे मराठी भाषांतर आज कुणीही करू शकतो. मूळ श्रेयाची ओळ तेवढी द्यावी लागते. आमच्या दोन विद्यार्थ्यांनी काही पानांना हात घातला आहे. 'डंजन'ला भुयार म्हणावे की तळघर, यावर त्यांचे अजून एकमत झालेले नाही. संकटातून निसटण्यासाठी जो फासा टाकतात त्याला इंग्रजीत 'सेव्हिंग थ्रो' म्हणतात. सारीपाटातला 'दान' हा शब्द हाताशी असताना त्याला 'बचावाचे दान' म्हणावे, असे मी सुचवले. एकाला ते पटले. दुसऱ्याचे म्हणणे असे की, फासा टाकताना टेबलाभोवती जो शब्द तोंडून निघेल तोच लिहू, आणि तो कळायला आधी खेळावे लागेल.